चांगल्या पाण्यातली

गटारात शोधू नका तिला.
गटारात असतात त्या दुसऱ्या, त्यांचं हत्तीरोगाकडे लक्ष.
ही अ‍ॅनॉफिलीस. स्टीफेन्सी.
हिला तुम्ही पिता तेच पाणी लागतं,
तानशाहून निघालेलं, भांडुपला गाळलेलं,
पंपाने गच्चीवर चढवलेलं,
आणि वर झाकण बोटभर उघडं.
बोटभर पुरतं.

एकतीस वर्षं मी शिड्या चढलो.
दत्ताराम ढोलम, कीटक संग्राहक, ई विभाग,
माझगाव ते आग्रीपाडा.
शिडी नसेल तिथे पाइपला धरून,
सेक्रेटरी खालून ओरडतोय, आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे हो!
तेच तर म्हणतोय, साहेब.

पांढरी पळी तिरकी बुडवायची.
सावली पाण्यावर पडली
की अळ्या तळ गाठतात.
मग नुसतं थांबायचं.
खाली भंगारवाला दोन फेऱ्या मारून जातो,
तुम्ही टाकीवर ओणवे.
हळूच वर येतात एकेक
आणि पाण्याशी समांतर आडव्या होतात,
दुपारी चटईवर माणूस पडतो तशा.
बाकीच्या जातींच्या उलट्या लटकतात. ह्या नाही.
एवढ्यावरून ओळखायचं.
कोष झाला की स्वल्पविराम.
त्यानंतर वाक्य उडून जातं.

मिसेस दुबाश विहिरीला जाळी लावू देईनात.
काठावर दिवा, झेंडूचा हार,
ढोलम, विहिरीचा श्वास कोंडणार काय तू?
शेवटी तह झाला. मी बादलीतून गप्पी मासे आणले.
पुढच्या खेपेला गेलो तर बाई
माशांना नावानिशी हाका मारत होत्या.
मी पळी बुडवली. रिकामी.
तसं बरं वाटलेले दिवस मोजकेच.

कारण हारून शेख.
मालदाहून आलेला, वय सतरा सांगायचा.
टॉवरच्या लिफ्टच्या खड्ड्याशेजारी झोपायचा,
खड्ड्यात गुडघाभर पाणी, निवळशंख.
एक दिवस हुडहुडी, ताप, घाम,
दुसऱ्या दिवशी पुन्हा सळया उचलायला हजर,
मुकादमाला वाटे पोरगा एकाआड एक नाटक करतो.
काचपट्टीवर थेंब घेतला. व्हायव्हॅक्स.
तोवर त्याचं रक्त
शेजारच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर पोचलं होतं.
लिफ्ट बसायची होती अजून.

चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या.
पाचव्या दिवशी साइट बदलली, हारूनसकट.
रजिस्टरात त्याच्यापुढे मी लिहिलं: पत्ता नाही.
तिचा मात्र लिहिला, खड्डा क्रमांक दोन.

आणि माझ्या घरी?
पाणी पहाटे सव्वातास, म्हणून सुनंदाचं निळं पिंप,
वर फडकं, फडक्यावर तांब्या.
एका रविवारी सहज टॉर्च मारला.
सात होत्या. आडव्या, निवांत.
मी पावती पुस्तक काढलं, ती म्हणाली, दंड भरणार कोण?
दोघं हसलो. मग पिंप ओतलं.
दिवसभर शेजाऱ्यांकडून पाणी आणलं, कळशीकळशीने.

निवृत्तीच्या आठवड्यात मस्कारेन्हस मॅडमनी नकाशा दाखवला.
जुन्या टाचण्या आमच्या बाजूच्या, कराचीपासून मद्रासेपर्यंत,
वर इराण, आखाताचा काठ.
नव्या लाल टाचण्या समुद्रापलीकडे.
जिबूती. मग इथिओपिया. मग सुदान.
तिकडचा मलेरिया गावाकडचा असायचा, त्या म्हणाल्या,
ही शहरात घेऊन चाललीय.
कशी गेली नक्की माहीत नाही, बहुधा बोटीने.

त्या रात्री झोप लागेना.
तिकडेही आता कुणीतरी
पहिल्यांदाच शिडी लावत असेल,
नवी कोरी पळी, शर्टाची बाही दुमडलेली,
भाषा मला यायची नाही, नाहीतर कळवलं असतं:
बाबा, घाण बघत हिंडू नकोस.
चढलास की ऊन तोंडावर घे,
सावली आपोआप मागे पडते.
घाई नको, येतात त्या वर.
आणि सगळ्यात आधी
घरचं पिंप बघ.